पाटचारीकाठचं हिरवं

गावचा गुराखी चिंधा रांजणापाशी वाकून पाणी पीत होता, तेवढ्यात भागाबाईनं ओट्यावरच्या त्याच्या पिशवीत हात घातला. भाकरी, दोन कांदे, चुन्याची डबी आणि तळाशी एक काळपट शिशी. तिनं बूच काढून वास घेतला. उग्र होता.

"काय देखस, अक्का?" चिंधानं तोंड पुसत विचारलं.

"ही शिशी कसानी शे?"

"करंजनं तेल शे. ढोरेस्ना जखमले लावस."

भागाबाईनं बूच लावलं, पण शिशी लगेच खाली ठेवली नाही. "बठ्ठास्ना ढोरे चांगला शेतस, नाना. मनाच गोऱ्हा कसा काय रोड व्हई राहिना?"

चिंधानं गोऱ्ह्याकडे पाहिलं. केस राठ झालेले, शेपटी पातळ शेणानं माखलेली, बरगड्या वर आणि पोट मात्र फुगलेलं. "माले नई समजत," तो म्हणाला.

हे 'नई समजत' तिला अजिबात पटलं नाही. सगळा जन्म गुरं चारण्यात घातलेल्या माणसाला समजत नाही? नवरा गेल्यापासून तिनं या दोन वासरांवरच जीव लावला होता. गोऱ्हा आणि त्याच्याहून थोडी लहान कालवड. मुलगा भूषण जळगावला मेहरूणमध्ये संसार थाटून बसलेला. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं. मागं एकदा चिंधा रानात लोकांच्या गाईंची धार काढून पितो, असं कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता ते आठवलं.

"उद्यापाईन मनी वासरे मीच चारसू," ती म्हणाली.

"चार, अक्का. तुना ढोरे शेतस." चिंधानं पिशवी खांद्याला लावली आणि गावाच्या कळपामागं निघून गेला.

भागाबाईला वाटलं, खरा असता तर भांडला असता.

नळावर तिनं शेजारच्या बेबाबाईला सांगितलं, "त्याना पिशवीमा शिशी शे. मी सोता देखी." ती एवढंच बोलली होती. पण संध्याकाळपर्यंत शिशीतलं तेल औषध झालं आणि दुसऱ्या दिवशी औषधाचं विष. ज्याच्या त्याच्या वासराला हगवण लागलेली आठवू लागली. एकेका घरानं आपापली गुरं दावणीला ठेवली. श्रावण सरायच्या आत चिंधामागं चालायला चार म्हाताऱ्या गाई उरल्या. मग एक दिवस तोही दिसला नाही. यावलकडे केळीच्या बागेत कामाला गेला, असं कळलं.

"मन खात व्हतं, म्हनीसन पयना," भागाबाई म्हणाली.

ती वासरांना कालव्याच्या पाटचारीकाठी नेऊ लागली. तिथं पाणी झिरपायचं, गवत कायम हिरवंगार आणि कोवळं. उजाडता उजाडता, दव असतानाच ती तिथं खुंट्या ठोकी आणि दोघांना लांब दोरीनं बांधून समोर बसे. रोज तीच जागा. कुणी वाटेनं जाताना वासरांकडे पाहिलं तरी ती उठून आडवी उभी राही. कुणाच्या हातची भाकरी त्यांना खाऊ देत नसे.

तरी गोऱ्हा खंगतच गेला. त्याच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबू लागली. चिंधा गेला, पण त्याचं केलेलं जात नाही, असं तिनं मनाशी धरलं. एका दुपारी गोऱ्हा तिथंच पाटचारीकाठी बसला आणि पुन्हा उठला नाही.

कालवडीच्याही जबड्याखाली सूज दिसली, तेव्हा तिनं सरकारी दवाखान्यातल्या सारिका डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली, पांढरीफटक. शेण पिशवीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी औषध घेऊन त्या स्वतः आल्या.

"जंत आहेत, मावशी. पोटात भरपूर झालेत. रक्त पितात."

"कोनी काही खावाडं व्हई तर?"

"नाही. गवतातून जातात. शेणातून जंतांची अंडी पडतात, त्यातली पिल्लं ओल्या गवतावर चढतात, आणि वासरू ते गवत खातं. मोठी गुरं सोसतात, लहानांना सोसत नाही. कुठं चारता यांना?"

भागाबाईनं जागा दाखवली. डॉक्टरांनी खुंट्यांभोवतीचं शेण पाहिलं, ओलं गवत पाहिलं.

"रोज इथंच? दव असताना?"

"रोज. दुसरीकडे नेतच नई."

"कळपात असतानाच लागण झाली असेल, ती कुणाचीच चूक नाही. पण इथं बांधल्यावर वाढली. आता ही जागा सोडा. ऊन पडल्यावर, कोरड्या रानात चारा. हिला वाचवू आपण."

कालवड वाचली. शेण घट्ट झालं, सूज उतरली. मग भागाबाई नळावर गेली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "चिंधानानानं काहीच करं नव्हतं. जंत व्हतात."

"जाऊ दे माय, व्हई गयं," बेबाबाईनं हंडा उचलला. "आते तो कोठे शे नि आपन कोठे."

भागाबाई तशीच घरी आली, कालवड बेबाबाईच्या अंगणात बांधली आणि एस.टी.नं यावलला गेली. विचारत विचारत बाग सापडली. चिंधा केळीची वाळलेली पानं विळ्यानं कापत होता. मुकादमानं बांधावरून हाक दिली, "कोण बाई आहे ही?"

चिंधानं वळून पाहिलं. "गावनी बाई शे," तो म्हणाला.

अक्का म्हणाला नाही. ती जवळ गेली. "जंत व्हतात, नाना. तुनं काही नव्हतं. मीच बोलनू."

विळा चालूच होता. "गोऱ्हा?"

"गया."

तेव्हा विळा थांबला. चिंधा तिथंच बांधावर टेकला. "रानमा जलमना व्हता तो. मीच त्याले खांदावर लई उनू तुना घर."

भागाबाईला हे आठवत होतं. पाऊस होता, आणि चिंधानं अंगावरचं उपरणं वासराला गुंडाळलं होतं.

"घर चाल, नाना."

"नई."

"कालवड शे अजून."

"चारा खास का?"

"खास."

"मंग बरं." तो उठला आणि पुढच्या केळीला लागला.

परतीची गाडी संध्याकाळी होती. भागाबाई थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचून ती त्याच्या मागं पडलेली पानं गोळा करू लागली, कवळ बांधून बांधावर ठेवू लागली. चिंधानं नको म्हटलं नाही. मागं वळूनही पाहिलं नाही.