स्लामेतची पाय टेकवणी

“अगं, उतरव त्याला! पाय जमिनीला टेकवायचे असतात, आभाळाला नाही!” विधी सांगणाऱ्या रुबिंगाह आजी ओरडल्या आणि अंगणभर हशा पिकला.

उसाच्या सात पायऱ्यांच्या शिडीवर स्लामेत पार टोकाला जाऊन बसला होता. बोर्निओच्या जंगलातलं कलावेताचं पिल्लू ते. बिनशेपटीचं, लांब हातांचं वानर. त्याला जमिनीशी काय देणंघेणं! पण माझ्या शेजारणीला, वारसितीला, कोण सांगणार? आम्ही जावा बेटावरून इथे येऊन वसलेली माणसं. मूल सात महिन्यांचं झालं की समारंभाने त्याचे पाय मातीला टेकवतो. मग घरी येऊन सात महिने झालेल्या हिच्या स्लामेतचे का नाही?

अठरा वर्षं वारसिती आरोग्यसेविका म्हणून गावातल्या पोरांची दर महिन्याला वजनं करत आलेली. कुणाचं पोर किती वाढलं, ते तिला तोंडपाठ. तिच्या स्वतःच्या मांडीवर मात्र मूल काही खेळलं नाही. मग तिच्या नवऱ्याने, तुमिरानने, जंगलतोडीच्या कामावरून हे पिल्लू आणलं आणि बाईच्या चेहऱ्यावर तेज आलं.

“झाड पडलं आणि याची आई पळाली म्हणे,” ती बाटलीने दूध पाजता पाजता सांगायची. “कसली मेली आई ती! पोटचा गोळा टाकून पळते!”

आम्हीही हळहळायचो. गावात आणखी तीन घरांत अशी पिल्लं होती. सगळ्यांच्या आया पळालेल्याच. एवढ्या आया पळतात कशा, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

शिडी झाली, सात रंगांच्या भातावर पाय देऊन झाले. मग आजींनी स्लामेतला बांबूच्या डालग्यात बसवलं. समोर वस्तू मांडायच्या. पोर ज्याला हात घालेल तसं त्याचं नशीब. पेन ठेवलं, फणी ठेवली, तांदूळ ठेवले. बापाने आपल्या धंद्यातलं काहीतरी ठेवायचं असतं.

“अहो, तुमचं ठेवा ना काही,” वारसिती म्हणाली.

तुमिरान कामाच्या छावणीवरून थेट आला होता. त्याने कमरेचा कोयता उपसून बाजूला ठेवला आणि रिकामं म्यान आत सरकवलं. लाकडी म्यान, नवंकोरं. तोंडाशी राखी केसाळ कातड्याची पट्टी गुंडाळलेली.

स्लामेतने पेनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ म्यानावर झडप घातली.

“बापावर गेलाय रे! लाकूडतोड्याच होणार!” कुणीतरी ओरडलं. आम्ही टाळ्या पिटल्या.

पण स्लामेतने दोन्ही मुठींत ते केस घट्ट धरले आणि त्यात तोंड खुपसलं. त्याचे ओठ काहीतरी शोधत कातड्यावरून फिरायला लागले. घशातून बारीक, लांब हाक निघाली. सात महिन्यांत आम्ही ती कधी ऐकली नव्हती. हसणं जिथल्या तिथे थांबलं.

वारसिती रोज त्याची पाठ विंचरायची. तिने पट्टीकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं. रंग एकच होता.

“अहो, हे कातडं कुणाचं?”

“असंच... छावणीवर मिळालं.”

“कुणाचं?”

तुमिरान वाईट माणूस नव्हे, हे मी आजही म्हणेन. खोटं त्याला फार वेळ पेलत नाही. “आई जिवंत असली की पिल्लू हाती लागत नाही गं,” तो खाली बघत म्हणाला. “ती सोडतच नाही. तू रोज रडायचीस, म्हणून... एकच गोळी घातली. पडतानाही तिनं याला छातीशी धरलं होतं. त्यामुळेच हा वाचला.”

गावातली ती तीन पिल्लं माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांना खाऊ घालून केलेलं आमचं कौतुकही.

“या अल्ला,” आजी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, “झालं ते झालं, पोरी. जनावरच ते. आता नीट वाढव याला.”

“मी तिला शिव्या घातल्या, आजी,” वारसिती म्हणाली. “मेलेल्या बाईला. सात महिने.”

वनखात्याला फोन तिनेच केला.

“मला आत टाकतील,” तुमिरान म्हणाला.

“टाकतील. मी डबा आणीन.”

तिसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी आली. सोबत प्राण्यांची तरुण डॉक्टरीण होती. तिने स्लामेतला उचलायला हात लावला, तर तो किंचाळून वारसितीच्या गळ्याला घट्ट बिलगला. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

“ताई, जरा हात सोडवता त्याचे?”

“मी नाही सोडवायची,” वारसिती म्हणाली. तिने कनवटीतून ती राखी पट्टी काढली. म्यानावरून कापून, जपून ठेवली होती. डॉक्टरणीच्या छातीवर ती पसरत म्हणाली, “त्याची आई.”

स्लामेतने वास घेतला. वारसितीच्या गळ्याभोवतीचा एक हात त्याने सोडला, मग दुसरा. आपणहून गेला. मागे वळून पाहिलं नाही.

गाडी दिसेनाशी झाली तरी वारसिती फाटकात उभीच होती. पिल्लाला बांधून घ्यायची झोळी खांद्यावर तशीच होती. मी गाठ सोडायला गेले, तर तिने माझा हात धरला.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “थोडा वेळ.”