मुळातलं वळण

टायफॉइडमधून उठल्यावर रुद्राणीच्या डोक्यावर जे केस उगवले, ते तिच्या ओळखीचेच नव्हते.

धारूरच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, पंचाक्षरी अप्पांचं, कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर आणि त्याच्यावर गच्ची. शाळेत पोरी रुद्राणीला झिपरी म्हणायच्या. तिची आई ईश्वरी सकाळी तेल थापून दोन वेण्या घट्ट आवळायची, तरी दुपारच्या सुट्टीपर्यंत कपाळाभोवती सगळी भुरभुर उभी राहायची. कॉलेजला अंबाजोगाईला गेल्यावर रुद्राणीनं पार्लरमध्ये पहिल्यांदा स्ट्रेटनिंग करून घेतलं. केस पाण्यासारखे खाली वाहिले. तिला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. मग मुळं वाढली की पुन्हा पार्लर, पुन्हा तो नाकात जाणारा वास, पुन्हा गरम पट्टी. आपले केस मुळात कसे आहेत हे ती हळूहळू विसरूनच गेली.

मग आजारपण आलं. ताप उतरला आणि केस गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, "काही महिने डोक्याला केमिकल लावू नका." तिनंही मान हलवली. नाही तरी अंगात त्राण नव्हतं.

त्या दिवसांत ती दुपारी दुकानात गल्ल्यामागे बसायची. गिऱ्हाईक नसायचं. कापडाच्या गठ्ठ्यांचा खळीचा वास, वर पंख्याची घरघर, आणि अर्धवट झोप. अशाच एका दुपारी झोपेत तिचा हात डोक्यात गेला. बोटांना मुळाशी काहीतरी मऊ, गुंडाळलेलं लागलं. वेलीचं टोक काठीला धरून वळतं ना, तसं. तिला वाटलं स्वप्नच आहे, म्हणून तिनं हात काढला नाही. एक केस बोटाला गुंडाळला, सोडला, तर तो आपला आपण पुन्हा वळून बसला.

"काय करायलीस?" आईनं विचारलं.

"काही न्हाई. कुणीतरी आलंय," रुद्राणी झोपेतच बोलली, आणि जागी होऊन स्वतःच हसली.

पुढं डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपले, तरी ती पार्लरला गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिली. कानापर्यंत कुरळे आणि तिथून कमरेपर्यंत सरळ, असे तिचे केस दोन तऱ्हेचे झाले. जिथं दोन्ही भेटत, तिथं केस फार नाजूक होता. जरा जोरात कंगवा लागला की नेमका तिथंच तुटायचा. मग तिनं मोठ्या दातांचा कंगवा आणला. केस ओले असतानाच, टोकाकडून मुळाकडं, एकेक गुंता बोटांनी सोडवत विंचरायची ती शिकली.

रविवार न्हाण्याचा. शिकेकाईनं केस कोरडे पडायला लागले म्हणून तिनं ती कमी केली. मोबाईलवर एका बाईनं सांगितलेलं पाहून तिनं वाटीभर जवस पाण्यात उकळलं आणि फडक्यातून गाळलं. खाली अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट, चमकदार रस उतरला.

"अगं, जवसाची चटणी करायची का डोक्याला फासायचं?" ईश्वरी म्हणाली.

"दोन्ही. उरलेल्याची चटणी कर तू."

तो रस ओल्या केसांना लावून रुद्राणी गच्चीवर बसायची. वरचे कुरळे आणि खालचे सरळ निदान एकसारखे दिसावेत म्हणून केसांच्या बारीक बारीक वेण्या घालायची, आणि त्या वाळेपर्यंत डोळे मिटून उन्हात पडायची. समोर बालाघाटाचे डोंगर. सीताफळाचे दिवस होते. डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्यात पिकल्या फळांचा गोडसर वास असायचा. अर्धवट झोपेत तिला दिसायचं, की डोंगरावरचं गवत आपल्याच डोक्यातून उगवलंय आणि वारा ते सगळं एकाच वेळी विंचरतोय. गुंता कुठंच नाही. जाग यायची तेव्हा वेण्या वाळलेल्या असायच्या. सोडल्या की केस लाटालाटांनी खांद्यावर पसरायचे. तिला स्वतःचंच डोकं जड आणि आपलंसं वाटायचं.

उशीच्या सुती अभ्र्यावर केस घासतात, असं ती एकदा आईजवळ बोलली होती. दुसऱ्या दिवशी अप्पांनी न बोलता दुकानातल्या साटिनच्या अस्तराचा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला. "ह्याचा अभ्रा शिव," म्हणाले आणि खाली निघून गेले. अप्पा कमी बोलणारे. डोक्यावरची पांढरी टोपी ते फक्त पूजेला बसताना आणि झोपताना काढत.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. रुद्राणीचं लग्न ठरलं होतं. मुलगा मृत्युंजय, नांदूरघाटचा. त्याचं तिथं खत-बियाण्यांचं दुकान होतं. साखरपुडा झाला तेव्हा तिची मुळं नुकतीच वाढायला लागली होती. तिनं ती मशीननं दाबून सरळ केली होती आणि मृत्युंजयची आई मल्लम्मा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "केस बघा पोरीचे, जसं रेशीम." लग्न दिवाळीनंतर होतं. मृत्युंजयशी फोनवर बोलणं व्हायचं, पावसाचं, दुकानाचं, भावाबहिणींचं. केसांचं बोलायचं रुद्राणी प्रत्येक वेळी पुढं ढकलत होती. स्कूटीवर जाताना उन्हाला म्हणून सगळ्याच पोरी डोक्याला स्कार्फ बांधतात. तिचेही केस त्याखाली झाकले जायचे.

एका रविवारी ती गच्चीवर असताना आई धापा टाकत वर आली. "लवकर खाली ये. नांदूरघाटचे पाहुणे आलेत. लग्नाच्या साड्या आपल्याच दुकानातून घ्यायच्या म्हणून न सांगता आलेत."

रुद्राणीच्या अर्ध्या वेण्या सुटल्या होत्या, अर्ध्या तशाच होत्या. तिनं घाईनं सगळ्या सोडल्या. केस मावेनात. रबर लावला तर तो तुटून उडाला. ती तशीच खाली गेली आणि वाकून नमस्कार करत म्हणाली, "शरणार्थ, आत्याबाई."

मल्लम्माच्या हातातली साडी हातातच राहिली. "अगं बाई! हे काय झालं गं केसाला?"

"काही झालं न्हाई. असेच हायत माझे."

"साखरपुड्यात तर सरळ होते."

"ते केलेले होते, आत्याबाई. हे खरे हायत."

ईश्वरीनं उगीच गादीवरची चादर नीट केली. मल्लम्मा वाईट बाई नव्हती. मनात आलेलं तोंडावर बोलून मोकळी होणारी होती. "हे बघ पोरी," ती म्हणाली, "मी तुला नावं ठेवीत न्हाई. पण आमच्या भावकीत सगळ्यांनी तुला तशी पाहिलीय. आता अशी उभी राहिलीस तर लोक म्हणतील, पोरगी बदलली का काय. लग्नापुरते करून घे सरळ. फोटो जन्मभर राहतात."

रुद्राणीनं मृत्युंजयकडं पाहिलं. तो तिच्या केसांकडं बघत होता. ती बघायला लागल्यावर त्यानं नजर साड्यांवर नेली. एक शब्दही बोलला नाही. मल्लम्माच्या बोलण्यापेक्षा तेच तिला जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात ती अंबाजोगाईच्या बसमध्ये बसली. करून टाकू एकदा, असं ठरवूनच निघाली होती. पार्लरमध्ये तिची नेहमीची वर्षाराणी होती. तिनं खुर्ची फिरवली, अंगावर काळं कापड टाकलं आणि वाटीत औषध कालवायला घेतलं. तो ओळखीचा वास आला.

वास नाकात गेला तशी रुद्राणीच्या डोळ्यांवर गुंगी आली. आरशातली बाई लांब लांब जायला लागली. तिला वाटलं, कुणीतरी बारकी पोर आपल्या मानेमागं लपून बसलीय, आणि वर्षाराणी तिला शोधतेय. पोर घाबरलेली नव्हती. ती फक्त वाट बघत होती, की आता ही बाई काय सांगते.

"थांब," रुद्राणी म्हणाली. "औषध नको. सरळ तेवढे काप."

वर्षाराणीचा हात थांबला. "ताई, सरळ कापले तर कानाखाली काहीच राहणार न्हाई. लग्न हाय ना तुमचं? घरी इचारलं का?"

घरी विचारायचं होतंच, पण कुठल्या घरी ते रुद्राणीला त्या क्षणी लख्ख कळलं. तिनं काळ्या कापडाखालून हात काढला आणि मृत्युंजयला फोन लावला.

"मी पार्लरमध्ये हाय," ती म्हणाली. "सरळ करायला आले होते. पण मला करायचे न्हाईत. मी सरळ झालेले सगळे कापणार हाय. मान उघडी पडेल इतके बारीक होतील. तुमाला लग्नाला न्हाई म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. मी रागावणार न्हाई."

पलीकडं दुकानात कुणी तरी बियाण्याची पिशवी मागत होतं. मृत्युंजयनं त्याला थांबायला सांगितलेलं ऐकू आलं. मग पावलांचा आवाज, मग मोकळ्या हवेचा.

"मला लांब केस आवडतात," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

रुद्राणीनं डोळे मिटले.

"पण त्या दिवशी तुमी खाली आलात ना, तवा मला वाटलं, ह्या पहिल्यांदाच भेटायल्यात. साखरपुड्याला सगळं बसवून ठेवल्यासारखं होतं. तवाच बोलायला पाहिजे होतं मी. आईसमोर जीभ उचलली न्हाई. तुमी घरी जाऊन रडला असाल."

"न्हाई रडले."

"खरं?"

"थोडी."

"कापा मग," तो म्हणाला. "वाढतील की परत. आईला मी सांगतो. ते तुमचं काम न्हाई."

कात्री चालायला लागली. केस फरशीवर पडत होते, लांब, काळे, सरळ. रुद्राणीला त्यांच्याबद्दल राग वाटला नाही. इतकी वर्षं त्यांनी तिला चारचौघांत नेलं होतं. आता ते फरशीवर शांत पडले होते. परत येताना आडसच्या पुढं माळावर बसच्या खिडकीतून वारा आला आणि मानेवर असा फिरला, की तिथं हवा लागते हे तिला आयुष्यात पहिल्यांदा समजलं. डोकं एवढं हलकं झालं होतं, की ते खांद्यावर आहे का बघायला तिनं दोनदा हात लावला.

ईश्वरीनं दार उघडलं आणि तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. "लग्नाच्या पोरीनं असं करतात का गं? अंबाडा कशाचा घालू? गजरा कुठं माळू?"

आवाज ऐकून अप्पा दुकानातून वर आले. दारातच उभे राहिले. मग जवळ येऊन त्यांनी तिच्या कानामागची एक बट बोटावर घेतली, सोडली. बट वळून जागेवर गेली.

"माझे असेच होते," ते म्हणाले.

ईश्वरीचं रडणं थांबलं. "तुमचे? कधी?"

"तू यायच्या आधी. दुकानात बसायला लागलो तर वडील म्हणाले, तमाशातल्या सोंगाड्यासारखा दिसतोस, गिऱ्हाईक उधार सुद्धा मागायचं न्हाई. मग बारीक कापले. बारीक ठेवता ठेवता टक्कल पडलं." त्यांनी टोपी काढून गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि हसले. रुद्राणीनं त्यांना असं हसताना फार कमी पाहिलं होतं. मग ते ईश्वरीला म्हणाले, "गजरा बसतोय का न्हाई ते बघू की. एवढ्या साड्यांना पिना लावतो आपण, एक गजरा बसणार न्हाई?"

गजरा बसला. लग्नाच्या दिवशी ईश्वरीनं स्वतः केसांना जवसाचा रस लावला, बोटांनी एकेक वळण सोडवलं आणि कानापासून कानापर्यंत मोगऱ्याचा पट्टा पिनांनी टाचला. मुंडावळ्या त्यावरून बांधल्या. मल्लम्मा मांडवात आली. लेकानं तिला काय सांगितलं होतं ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं, एक ढिली पिन काढून नीट खोचली आणि पुढं गेली. थोड्या वेळानं भावकीतल्या छबुबाईनं मोठ्यानं विचारलं, "मल्लम्मा, सुनेचे केस कावून असे गं? आजारी हाय का?"

"आजारी कशाला असेल?" मल्लम्मा फणकाऱ्यानं म्हणाली. "असेच हायत तिचे. तुला सरळ पाहिजे असतील तर तुझ्या सुनेचे बघत बस."

रुद्राणीनं ऐकलं. तिनं मान वर केली नाही, पण शेजारी उभ्या मृत्युंजयचा खांदा हसण्यानं हलला ते तिला कळलं.

जंगम स्वामींनी मंत्र म्हटले आणि अक्षता पडल्या. हळदकुंकवानं रंगवलेली ज्वारी चारी बाजूंनी पावसासारखी आली. सरळ केसांवरून ती घसरून गेली असती. रुद्राणीच्या केसांत ती ठिकठिकाणी अडकली आणि तिथंच राहिली.

संध्याकाळी गाडी नांदूरघाटच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडं ज्वारीची हिरवी शेतं, त्यावर खाली आलेलं पिवळं ऊन. रुद्राणीला झोप येत होती. तिनं डोकं सीटला टेकवलं तर मानेवर काहीतरी टोचलं.

"थांबा," मृत्युंजय म्हणाला. त्यानं सावकाश, कुठला केस ओढला जाऊ नये अशा बेतानं, एका वळणातून पिवळा दाणा काढला. मग दुसऱ्यातून लाल. ते त्यानं तळहातावर धरले. "लई हायत," तो म्हणाला. "गाव येईपर्यंत पुरतील."

"सावकाश काढा," रुद्राणी डोळे मिटून म्हणाली. "ओढू नका."

तो पुढचा दाणा शोधू लागला, आणि ती झोपली.