पत्र्यावरचा घास

मनकर्णानं दाराच्या फटीत लुगड्याची चिंधी बोटानं कोंबली. खोली काळी झाली, तरी वरच्या पत्र्यातल्या खिळ्याच्या भोकातून उन्हाचा एक दोरा आत लोंबतच होता. त्याच्यापासून सरकून ती भिंतीला चिकटली.

गाल धगधगत होता. काल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यावरचे खरखरीत चट्टे आधी लेसरनं बारीक टोचले, त्यातून मलम आत मुरवलं, मग तोंड लाल दिव्याखाली धरलं. चट्टे अजून कॅन्सर झाले नव्हते, होण्याच्या वाटेवर होते. ‘मलम कातडीत अजून जागं आहे,’ बाई म्हणाल्या होत्या, ‘दोन दिवस ऊन लागू देऊ नकोस. चेहरा भाजून निघेल.’

आणि आजच भावाचं, महारुद्रचं वर्षश्राद्ध.

भाऊ-बहीण दोघंही जन्माची पांढरीफटक, पापण्यासुद्धा पांढऱ्या. गाव महारुद्रला ‘साहेब’ म्हणून हसायचं. त्या साहेबाला चंद्रभानकाकानं भर उन्हात ऊसतोडीला जुंपलं. कानावर असाच चट्टा आला. त्याची जखम झाली. घरानं तिच्यावर हळद दाबली आणि पुन्हा कोयता हातात दिला. आधी कान गेला, मग साहेब.

अंगणात पंगत ताटकळली होती. पत्र्यावर ठेवलेल्या घासाला कावळा शिवत नव्हता आणि तो शिवल्याशिवाय कुणाला जेवता येत नव्हतं.

“त्याचा जीव बहिणीत अडकलाय,” काका दाराशी येऊन बोलला. “मने, भाईर ये. हात जोड अन् जा.”

“मला ऊन चालत न्हाई, काका.”

“एका मिनटात मरायलीस का? लोकं उपाशी बसलीत.”

“दादा बी एका मिनटात न्हाई मेला.”

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. काका जाऊन सतरंजीवर बसला.

वर पत्रा वाजला. नखं. उन्हाचा दोरा तुटला, पुन्हा लागला.

“आला, आला!” बाहेर कुजबुज झाली. “पर शिवंना.”

दादा कान लावून ऐकतोय, असं मनकर्णाला वाटलं. कोणता कान, हे आठवून ती शहारली.

“मनकर्णे,” दाराबाहेर सरजाबाईचा, तिच्या मायचा आवाज आला. “त्याला काय पाहिजे आसंल गं?”

“जित्तेपणी कधी इचारलंस, माय? सावली पाहिजे व्हती त्याला. मलाबी तीच पाहिजे. वर भोक हाय, त्यातून ऊन यायलंय.”

मायची पावलं दारापासून सतरंजीकडं गेली.

“उठा, भाऊजी,” सरजाबाई म्हणाली.

“आं?”

“सतरंजी पाहिजे. उठा म्हनते ना!”

भिंतीला शिडी आदळली.

“वैनी, येडी झालीस का? कावळा उडंल!”

पंख फडफडले. भोकावर काहीतरी जड पडलं आणि उन्हाचा दोरा गेला. मनकर्णानं सकाळपासून पहिल्यांदा गालावरचा हात खाली घेतला. अंगणात भांडी वाजली नाहीत, कुणी जेवायला लागलं नाही.

थोड्या वेळानं पत्र्यावर पुन्हा नखं वाजली आणि सतरंजीवर काहीतरी हलकं येऊन टेकलं. तिथून ते हललं नाही.