ओली काजळी

बाबांच्या गाडीतला इंजिनाचा दिवा चार महिन्यांत दुसऱ्यांदा लागला, तेव्हा दादाने माझ्या गॅरेजमध्ये येऊन निकालच देऊन टाकला.

"विकू या. मागे तू साफ केलास ना तो व्हॉल्व्ह? लोकांच्या गाड्या पळतात आणि घरची खोकते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. "गाडी माझी आहे," ते म्हणाले, "आणि मी अजून आहे."

"म्हणूनच म्हणतोय. दर रविवारी हायवेने एकटे आत्याकडे जाता. वाटेत बंद पडली तर?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आज कारण सापडलं तर ठीक. नाहीतर उद्या मी गिऱ्हाईक बघतो."

तो गेला. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली, तीही जरा उशिराच सोडली.

डिझेल इंजिन आपलाच थोडा धूर परत आत घेतं. त्यामुळे आतली आग जरा थंड राहते आणि बाहेर पडणारे घातक वायू कमी होतात. किती धूर घ्यायचा हे ईजीआर व्हॉल्व्ह ठरवतो. काम झालं की त्याने बंद व्हायला हवं. हा होत नव्हता. गाडीला स्कॅनर जोडला, त्यावर गाडीचा हुकूम होता शून्य, आणि व्हॉल्व्ह पाचवा हिस्सा उघडा. म्हणून गाडी उभ्या जागी थरथरत होती, काळा धूर सोडत होती आणि चढावर दम टाकत होती.

पण व्हॉल्व्ह अडकणं हे लक्षण झालं. मला कारण हवं होतं.

आधी वायरी तपासल्या. ठीक होत्या. व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवला. आतली काजळी बोटाने उचलली तर डांबरासारखी चिकटली. लांब पळणाऱ्या गाडीत काजळी कोरडी असते, ब्रशने झडते. अशी ओली काजळी साचते ती इंजिन पुरतं तापलंच नाही तर.

व्हॉल्व्ह धुऊन परत बसवला आणि गाडी चालू करून रेस वाढवून ठेवली. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तरीही इंजिन थंड राहतं. मी रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवून उभी राहिले. पाइप बराच वेळ गार होता, मग एकदम चटका बसला. म्हणजे थर्मोस्टॅट वेळेवर उघडत होता. डिझेल फवारणारे इंजेक्टरही गळत नव्हते. उरली स्कॅनरमधली नोंद. दिवा लागला त्या क्षणी इंजिन जेमतेम कोमट होतं आणि वेग होता शून्य. मागच्या वेळीही तेच.

"बाबा, आत्याकडे पोचायला किती वेळ लागतो?"

"तास. कधी सव्वा तास."

"गाडी तसं म्हणत नाही."

"आता गाडीही चुगल्या करायला लागली का?"

मी हात पुसत राहिले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"मागे एक ट्रक अगदी घासून गेला. तेव्हापासून हायवेच्या फाट्यापर्यंतच जातो. कडेला थांबतो. जरा मोकळं झालं की निघू म्हणतो. मोकळं काही होत नाही. मग परत येतो."

"एवढा वेळ इंजिन उभ्या जागी चालू? मग ते तापणार कधी!"

"बंद केलं की जायचं नाही असं ठरल्यासारखं होतं."

"आणि आत्या?"

"तिला फोनवर सांगतो, गुडघा दुखतोय."

"आणि आम्हाला येऊन तिची खुशाली सांगता!"

"खुशाली खरी असते," बाबा दुखावल्या स्वरात म्हणाले. "फोनवर विचारलेली असते."

मला हसू आलं, ते मी बॉनेटच्या आड लपवलं. बॉनेट लावून म्हटलं, "आता ही नीट तापवून बघायला हवी. तासभर, एकसारख्या वेगाने."

"आज रविवार नाही."

"गाडीला वार कळत नाही. चला."

फाट्यापर्यंत त्यांनीच चालवली, आणि चांगली चालवली. प्रत्येक वळणाला इंडिकेटर, प्रत्येक थांब्यावर हँडब्रेक. फाट्यावर गाडी कडेला घेतली. समोरून ट्रक, बस, पुन्हा ट्रक. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी मांडीवरच्या स्कॅनरकडे बघत राहिले. घाई केली नाही.

मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. ते उतरले, गाडीपुढून फिरून माझ्या दाराशी आले.

"ऊठ. पुढे तू चालव."

हायवेला लागल्यावर तापमानाचा काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. स्कॅनर आता बाबांच्या मांडीवर होता. "हुकूम शून्य, व्हॉल्व्ह शून्य," ते दर थोड्या वेळाने वाचून दाखवत होते, मी न विचारता.

आत्याने दार उघडलं. आधी भावाकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे.

"अगं बाई! गुडघा चालत आला?"

"बसून आला," बाबा म्हणाले.

चहा होईपर्यंत मी दादाला फोन लावला. कारण सापडलं म्हणून सांगितलं.

"काय होतं?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला. फोन कानाला लावायच्या आधी एकदा खाकरले.

"गाडीत दोष नाही. मी फाट्यावरून परत येत होतो," ते म्हणाले. "नाही, विकायची नाही. घरापासून फाट्यापर्यंत मी चालवीन. पुढे तू. येत्या रविवारी लवकर ऊठ."