परातीचे सूर

"ते समदं खरं, अण्णा. पन सूर जर्मन हायती का?"

भूपालनं भात्यावरचा हात काढला. पेटीतला सूर हुंकार देऊन विझला. सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता, आणि तिन्ही वेळा आकाराम हवालदारानंच तो विचारला होता.

"न्हाईत," भूपाल म्हणाला. "मगाशीबी न्हवतं. चा पिऊस्तवर जर्मन हुतील म्हनता काय?"

नानासो हसले. त्यांच्या हसण्यानं दुकानातली चटई हलली, इतकं ते दुकान लहान. सांगलीच्या पेठेमागच्या बोळात दोन खणांची जागा. पुढं पेट्यांची दुरुस्ती, मागं संसार. भिंतीला कानशी, पकडी, भात्याच्या कातड्याचे तुकडे, आणि मधोमध फळीवर गेल्या आठवड्यात पॉलिश दिलेली ही नवी पेटी. नानासो वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या भजनी मंडळाचे म्होरके. जोतीराम त्यांचा पेटीवाला. आकाराम टाळ धरायचा. पण पलटणीत वीस वर्षं काढून आल्यामुळं कुठल्याही खरेदीत त्याचं मत आधी घ्यावं, असं त्यानंच गावाला शिकवलं होतं. त्याच्या डोळ्यांवर विलायती काळा चष्मा होता. डाव्या काचेवरची कंपनीची चिठ्ठी त्यानं अजून काढली नव्हती. चिठ्ठी गेली तर चष्मा विलायती आहे हे लोकांना कळणार कसं? त्यामुळं हवालदाराला जग निम्मंच दिसे.

"फौजमधी एक पाहिलंय मी," तो म्हणाला. "माल बाहेरचा तो बाहेरचा. आपल्याकडं नुसती नक्कल."

भूपालच्या डोक्यात तिडीक उठली. तीस वर्षं तो हेच ऐकत आला होता. पेटी घ्यायची तर जर्मन सुरांची. बाहेरचा माल यायचा बंद होऊन वर्षं लोटली, मुंबईच्या दुकानदारांनी हात वर केले, तरी गिऱ्हाइकाचं तुणतुणं तेच. देशी सूर म्हटला की माणसं तोंड असं करत, जणू कुणी त्यांना शिळी आमटी वाढली. आणि त्यांच्या मोडक्या जर्मन पेट्या मात्र भूपालच्याच दारात येऊन पडत.

म्हणून आयुष्यात एकदा तरी, खुंटीपासून सुरापर्यंत आपल्या हातची एक पेटी करायची, असं त्यानं मनावर घेतलं होतं. लाकूड मिळालं, कातडं मिळालं, पितळ मिळेना. सूर म्हणजे काय? बोटभर पितळी चौकट आणि तिच्यात कागदासारखी पातळ जीभ. वारा आला की जीभ थरथरते आणि बोलते. बाजारातल्या पत्र्याच्या जिभा बोलत, गात नव्हत्या.

एका सकाळी त्याची बायको राजमती पीठ मळताना तिची बांगडी परातीला लागली. परात घुमली. माहेरची जुनी, जाड पितळेची परात. तो घुमारा भूपालच्या कानात शिरला तो जाईना. तीन दिवस तो परातीभोवती घुटमळत होता, मागायची हिंमत नव्हती. चौथ्या दिवशी राजमतीनंच ती त्याच्या पुढ्यात आदळली.

"न्या एकदाची! जेवताना तोंडाकडं बघत न्हाईसा, परातीकडं बघतायसा. माज्या आईनं हिच्यात जलमभर पीठ मळलं. आता तुमी वाजवा."

परात कापली, ठोकली, घासली. एकेक जीभ कानशीनं उतरवत साडेतीन सप्तकांचे बेचाळीस सूर तयार व्हायला तीन वर्षं लागली. बेचाळिसावा सूर लागला तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरला होता. राजमती आता जर्मलच्या परातीत पीठ मळत होती. ॲल्युमिनियमच्या त्या हलक्या परातीला बांगडी लागली, तर नुसतं 'खट्' होई.

"जोतीबा, तूच वाजीव बघू," नानासो म्हणाले.

जोतीराम पेटीपुढं बसला. बारीक अंगाचा, बोलायला लाजणारा माणूस. त्यानं एक अभंगाची चाल धरली. धरली आणि सोडायचीच विसरला. पेटी खालून भरल्या आडासारखी आणि वरती कवळ्या उन्हासारखी वाजत होती. बोळातून पाण्याची घागर घेऊन चाललेली बाई उंबऱ्याशी थांबली. आतल्या खोलीतलं जातं थांबलं.

जोतीरामनं डोळे उघडले. "नाना, ही पेटी गळ्यासंगं चालतीया. आपुन थांबलो की थांबतीया."

तीस वर्षांत भूपालचं एवढं एकच वाक्य ऐकायचं राहिलं होतं.

"मग ठरलं!" नानासोंनी मांडीवर थाप मारली, आणि कोपरीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पितळी पट्टी होती, तिच्यावर विलायती अक्षरं कोरलेली. "आमच्या जुन्या पेटीची. पेटी उंदरांनी खाल्ली, पट्टी ऱ्हायली. हिला फुडनं चार इस्क्रू मारून द्या, म्हंजी झालं."

"कशाला?"

"आवं, शेजारच्या गावाची पेटी जर्मन हाय. स्पर्धेला गेलं की लोक पयली पट्टी बघत्यात, मग आयकत्यात. देशी हाय म्हनल्यावर आमच्या भजनाला पत काय ऱ्हाईल?"

"म्हंजी पेटी आवडली."

"लय आवडली."

"फकस्त माजी हाय, एवढंच वंगाळ."

नानासो गडबडले. "तसं न्हवं, अण्णा…"

"नानासो, तुमच्या थोरल्याला नोकरी लागंल म्हनून शेजाऱ्याचं नाव बाप म्हनून लावशीला?"

आकाराम उठला. "विट्याला सोनं गाळनारा नाथाजी गलाईवाला कलकत्त्यासनं आलाय. त्याच्याकडं अस्सल जर्मन पेटी हाय. दुप्पट घील, पन चीज असंल. चला." नानासो उठले. जोतीराम सगळ्यांच्या मागून उठला, आणि चपला घालताना त्यानं पेटीकडं असं पाहिलं, जसं एस्टीत बसलेली पोर माहेराकडं बघते.

ते गेल्यावर राजमती बाहेर आली. "मारायचं हुतं चार इस्क्रू. परातबी गेली, आन पेटीबी दारातच."

"पिकतं तितं विकत न्हाई, राजमती."

"मग पिकीवता कशाला?"

आत जाऊन तिनं जातं पुन्हा सुरू केलं. जात्याच्या घरघरीतून ओवी आली:

*दारावरनं गेली गाडी, तिला विलायती चाक,*
*माझ्या बैलाच्या घुंगराची, कुनी ऐकली न्हाई हाक.*

टोमणा ओवीतून आला. भूपालनं पेटीवर फडकं टाकलं.

वर्षभरानं, आषाढातल्या एका दुपारी, जोतीराम डोक्यावर पेटी घेऊन बोळात आला. मागं आकाराम. विट्याहून घेतलेल्या जर्मन पेटीचा पंचम तुटला होता.

भूपालनं पेटी उघडली. आतले सूर त्यानं बराच वेळ पाहिले. कानशीचे वार एकासारखे एक, जणू शेतातल्या पाभरीच्या ओळी. कुठल्या तरी लांबच्या मुलखात कुणी तरी माणूस दिव्याखाली वाकून बसला असेल, त्याचीही बायको जेवायला हाका मारत असेल. त्या माणसाचा भूपालला राग नव्हता. राग यायचा तो ह्या आपल्या माणसांचा, ज्यांना त्या कानशीचं काही नव्हतं, पट्टीचं होतं.

"पितळ म्हातारं झालंय," तो म्हणाला. "जर्मन सूर आता मिळायचा न्हाई."

"आन आज रातच्याला सप्त्याचं भजन हाय," जोतीराम रडकुंडीला आला. "पंचमाबिगर काय करू?"

नवा सूर कापायला आठवडा लागला असता. भूपालनं जोतीरामच्या तोंडाकडं पाहिलं, मग फडकं टाकलेल्या पेटीकडं. उठून त्यानं आपल्या पेटीचा पंचम काढला, घासून त्या खाचेत बसवला. नंतर दुसरा कापून घालू, त्यानं मनाशी म्हटलं.

आकारामनं चिठ्ठीच्या काचेतून आणि मग साध्या काचेतून पाहून घेतलं. "बसवा. पन कुनाला बोलू नगा हां, अण्णा. एकच तर हाय. बाकी पेटी जर्मनच."

पण सुरांचं मोत्याच्या सरासारखं असतं. एक सुटला की बाकीचे वाट धरतात. दिवाळीला दोन तुटले. माघात तीन. दर खेपेला भजन आजच असे, दर खेपेला आकाराम "एवढाच" म्हणे, आणि दर खेपेला भूपाल आधी बोलून घेई: "सूर माजा हाय. आयकलं का? माजा!" आकाराम मान हलवी, "व्हय, व्हय," आणि गावात जाऊन विसरे. नवीन कापायला परातीच्या पितळेचा तुकडा उरला नव्हता. भूपालच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, कानस बोटावर घसरायची.

"आज किती गेलं?" राजमती विचारी.

"दोन."

"द्या, द्या. पोरगी थोडी थोडी करून नांदाय चाललीया. नवऱ्याला पत्ता न्हाई आन सासऱ्याला गरज न्हाई."

चार वर्षांत भूपालच्या पेटीवर सुराची पट्टी दाबली की बहुतेक ठिकाणी नुसता वारा यायचा.

अठ्ठ्याहत्तर साली इस्लामपुरात भजनांची मोठी स्पर्धा झाली. जोतीराम स्वतः येऊन बोलावून गेला. "वैनींस्नीबी आना," म्हणाला. दोघं दुपारच्या एस्टीनं गेली, मांडवात मागं बसली. नानासोंच्या मंडळाची पेटी पुढं मांडलेली. तिला हार घातला होता, पण विलायती पट्टी झाकणार नाही असा, वर ओढून.

जोतीरामनं सूर धरला.

पुढच्या ओळीतला एक पटकेवाला म्हणाला, "काय गोड पेटी हाय, गड्या!"

"जर्मन हाय," त्याच्या शेजारून आकाराम म्हणाला. यंदा टाळ पोरांकडं देऊन तो ऐकायला बसला होता. आपल्या पाठीमागं कोण बसलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. "पन्नास वर्सं झाली आसतील, सूर हालला न्हाई. आपल्या लोकांस्नी जमंल का असलं?"

भूपालचे कान तापले. एक्केचाळीस! खालच्या टोकाचा एक खर्ज सोडला, तर एक्केचाळीस सूर माझे आहेत, असं मांडवात उभं राहून ओरडावं, ही पेटी फोडून दाखवावी. तो अर्धा उठलाही. तेवढ्यात राजमतीनं त्याच्या धोतराचा सोगा धरला. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पेटीकडं कान लावून बसली होती.

"आवं, ही माजी परात न्हवं?"

तो खाली बसला. "व्हय."

"तरीच म्हनलं. आई पीठ मळताना असंच घुमायचं."

मग तिनं पदर नीट केला. भजन संपेपर्यंत तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू पुढं-मागं होत होता, पीठ मळल्यासारखा.

पहिला नंबर आला, नारळ आले, पेढे आले. आकारामनं मागं वळून पाहिलं, भूपालला ओळखलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. चिठ्ठी सांभाळून पुसायचा असल्यानं त्या कामाला बराच वेळ लागला.

आठ दिवसांनी जोतीराम एकटाच बोळात आला. पेटी उतरवून बसला.

"खर्ज?" भूपालनं विचारलं.

"व्हय. आता तिच्यात जर्मन काय ऱ्हायलं न्हाई, अण्णा."

भूपालनं आपल्या पेटीचं फडकं काढलं. एकच सूर उरला होता. चिमट्यानं त्यानं तो अलगद उचलला, दारातल्या उजेडात धरला, एकदा फुंकर मारली. खर्ज बारीकसा बोलला. मग तो दुसऱ्या पेटीत बसवून त्यानं स्क्रू आवळले. नजर पुरत नव्हती, म्हणून जोतीरामनं वरून बोट धरलं.

जोतीरामनं खिशातून पेचकस काढला. येतानाच आणला असावा. "अण्णा, ही फुडली पट्टी काडू का? नानांस्नी काय सांगायचं ते मी सांगतो. तुमचं नाव कोरा."

भूपाल पट्टीकडं बघत राहिला. तिच्यावर अबीर बसला होता, चंदन बसलं होतं, इतक्या वर्षांचे हार घासले होते.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तिच्या खालचं लाकूड पांढरं पडलं आसंल. उगं डाग दिसंल."

जोतीराम वाकला, त्याच्या पाया पडला, आणि पेटी डोक्यावर घेऊन गेला. बोळाच्या वळणापर्यंत त्याची पाठ दिसत होती, वरती पेटी, आणि उन्हात चमकणारी पट्टी.

भूपालनं रिकामी पेटी पुढ्यात ओढली. भाता धडधाकट होता. कातडं त्यानं निवडून घातलं होतं. त्यानं भाता मारला, सुराची पट्टी दाबली. वारा आला. दुसरी दाबली. वारा.

आत जातं सुरू झालं होतं. राजमतीनं ओवी घेतली:

*दारावरनं गेली गाडी, तिला विलायती चाक…*

तिच्या चालीवर भूपाल भाता मारू लागला. बोटं सवयीनं पट्ट्यांवरून फिरत होती, पेटी तिच्यामागून नुसता श्वास घेत होती आणि सोडत होती. राजमतीनं तो श्वास ऐकला असावा. जातं फिरत राहिलं, पण घुंगराच्या हाकेची दुसरी ओळ तिनं म्हटली नाही. पहिलीच पुन्हा घेतली.