वाटीच्या तळातली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि मला राग आलेला आहे.

दोन लाकडी झडपा, चार गज, एक कडी. काच नाही. त्यामुळे मी उघडी असले की मला दिसतं; मिटले की नुसतं ऐकू येतं. माझी गोष्ट म्हणूनच तुकड्यांनी येईल.

उघडी.

सुतारानं मला चौकटीत बसवलं तेव्हा पहिल्यांदा बाहेर पाहिलं. चहूकडे टेकड्या आणि मधोमध गाव, जणू वाटीच्या तळाशी उरलेला घास. उन्हाळ्यात खिंडीतून वारा यायचा आणि गावाचा धूर झाडून न्यायचा. पावसाळ्यात हवा धुतलेल्या कपड्यासारखी व्हायची. तेव्हा माझं काय कौतुक! "घराचं नाक आहे हे," असं आजोबा पाहुण्यांना सांगायचे.

हिवाळ्यात मात्र टेकड्यांवरची गार हवा रात्री उतारावरून घरंगळत येते आणि तळाशी बसते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण. धूर वर जातो, झाकणाला टेकतो आणि तिथंच पसरतो. उन्हं चांगली वर येईपर्यंत ते झाकण हलत नाही. त्यात गल्लीच्या टोकाला सफाईचा मुकादम उजाडायच्या आत कचरा पेटवतो, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आणि गावाला पाठ काय, तर सकाळची हवा म्हणजे औषध.

आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज उजाडताच नातीला, ठकीला, माझ्यासमोर उभी करायचे. "घे, छातीभर घे."

ठकी खोकायची.

"खोकू दे. कफ सुटतोय."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला फक्त बिजागऱ्या आहेत. त्या कुरकुरल्या. आजोबांनी त्यांना तेल घातलं.

त्या हिवाळ्यात ठकीला दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकातोंडावर वाफेचा मास्क, असं ऐकलं. घरी आली त्याच दिवशी सूनबाईंनी, म्हणजे ठकीच्या आईनं, हातोडी घेतली.

बंद.

"खिडकीला खिळे? हे घर आहे की पेटी, सूनबाई?"

"बाबा, पोरीच्या छातीत शिट्टी वाजते. तुमचं औषध तुम्ही प्या."

"जन्मभर हीच हवा घेतोय मी."

"म्हणूनच जिना चढताना थांबत थांबत येता."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. आग लावली मुकादमानं, आणि खिळे कुणाला, तर मला. बरं, दुपारी झाकण उठल्यावर बाहेर चांगली हवा असायची, तेव्हाही मी बंदच. फोडणीचा धूर घरातच घुटमळायचा आणि त्यानंही पोर खोकायची. कुणी विचारलं का मला?

आजोबा चिडले. सकाळची हवा कशी असते ते दाखवतोच, म्हणून एका पहाटे टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून गेले. परत आले ते धापा टाकतच.

"वर लख्ख ऊन आहे," ते म्हणाले. "स्वेटर काढावा लागला मला."

"मग? जिंकलात."

"खाली बघितलं, तर आपलं गाव नव्हतंच. राखेच्या पाण्यानं भरलेली वाटी नुसती." त्यांचा आवाज खाली गेला. "पोरीला रोज त्यात बुडवत होतो मी."

 सूनबाईंनी पक्कड आणून दिली असावी, कारण माझे खिळे करकरत निघू लागले.

तेव्हापासून मला दुपारीच उघडतात. आणि पहाटे आजोबा गल्लीच्या टोकाला जातात. मी मिटलेली असले तरी ऐकू येतं.

"मुकादम, पेटवू नका."

"काका, उन्हाळ्यातही पेटवतो की. तेव्हा नाही बोललात."

"उन्हाळ्यात वारा तुमची पापं झाकतो."

"मग कचरा काय माझ्या डोक्यावर ठेवू? गाडी यायला नको का?" मग मुकादमच म्हणाला, "बरं, दुपारी पेटवतो. तेव्हा धूर उडून जातो. तुमच्या घरात नाही येणार. झालं?"

"झालं," आजोबा म्हणाले.

उघडी.

दुपार. ठकी पलंगावर झोपलेली, छातीत शिट्टी नाही. मुकादमाच्या कचऱ्याचा धूर सरळ वर चढला, खिंडीकडे वळला आणि पलीकडे उतरला. सूनबाई हसल्या. शेजारी म्हणाले, आजोबांनी काम केलं हो.

काम? मी उघडी होते. धूर कुठे गेला ते मी पाहिलं. खिंडीपलीकडेही एक वाटी आहे आणि तिच्या तळाशी घरं आहेत. त्यांना खिडक्या नाहीत असं वाटतं का तुम्हाला?

आजोबाही चहाचा कप धरून तिकडेच बघत होते.

"सूनबाई, त्या बाजूला कोण राहतं गं?"

"माझी मावशी. का?"

त्यांनी कप माझ्या चौकटीवर ठेवला आणि चपला शोधू लागले. "मुकादम अजून तिथंच असेल."

"अहो बाबा, आता काय राहिलं?"

"आग राहिली."

मित्रांनो, मला पुसा, माझ्या बिजागऱ्यांना तेल घाला, मी नको म्हणणार नाही. पण मला उघडून आणि मिटून हवा साफ होते, हे कृपा करून मला पुन्हा सांगू नका. मी खिडकी आहे. माझ्यातून फक्त दिसतं. हवा साफ करायला दारातूनच बाहेर पडावं लागतं.