हौदातून वाट

सोजरबाईची धाकटी लेक वच्छला ज्या चैत्रात सासरी गेली, तो दुष्काळाच्या १९७३ सालातला. मांडव उतरून चारच दिवस झाले होते, तोच रविवारी सोलापुरात मोठ्या कुस्त्या लागल्या. सोजरबाई दवाखान्यात आया. तिला मलमपट्टीची पेटी देऊन प्रेक्षकांच्या बाजूला बसवलं होतं. वीस हजार माणसं उन्हात आणि त्यांच्यासाठी ही एकटी. डॉक्टर, स्ट्रेचर, गाडी सगळं पैलवानांकडं, कुस्तीच्या हौदाच्या पलीकडं.

शेवटची कुस्ती रंगात आली आणि प्रेक्षकांतला कुंभारी गावचा महिपती बसल्या जागी कोसळला. फीट आली समजून लोकांनी त्याच्या नाकाला पायताण लावलं, कांदा फोडला. सोजरबाईनं पायताण भिरकावलं. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं, घामाचा थेंब नव्हता.

"ऊन लागलंय ह्याला. डाक्टरकडं न्यायचा. धरा चादर!"

बसायला आणलेल्या चादरीत चौघांनी त्याला उचललं. तिनं त्याची मान वळवून जबडा धरला. फाटकाकडून वळसा घालायचा तर त्या गर्दीत अर्धा तास मोडला असता. ती सरळ हौदाकडं निघाली.

कुस्त्या भरवणारे वस्ताद ईश्वरप्पा आडवे आले. "सोजरबाई, मागं फिर! गडी नेतील त्याला. हौदात बाईचं पाऊल चालत न्हाय."

"माझा हात सुटला की ह्याची जीभ घशात जाईल, वस्ताद."

"माती बाटंल!"

"इतकं ताक, हळद, तेल पिऊन बसलीय की तुमची माती. माझ्या टाचेला भिती व्हय?"

मागून कुणी ओरडलं, "बाई, लंगोट इसरलीस की!"

"तुझा दे की सोडून!"

हशा पिकला. त्या हशातच तिनं लाल मातीत पाय टाकला. ईश्वरप्पांनी तिचा दंड धरला, तो तिनं हिसडून सोडवला. झुंजणारे पैलवान पकड सोडून बाजूला झाले.

डॉक्टरांनी त्याला ओल्या पोत्यात गुंडाळून सलाईन लावलं. संध्याकाळी महिपतीनं डोळे उघडले, बायकोला, बजाबाईला ओळखलं. पाणी मागितलं.

सोमवारी ईश्वरप्पा दवाखान्यात आले. "सगळी माती उपसावी लागली, बाई. माफी तरी माग."

"उपसा की. पुढल्या साली एक डाक्टर आमच्या बाजूला बसवा. न्हाईतर परत येते तुडवत."

ईश्वरप्पा पाय आपटत निघून गेले. महिपतीबद्दल डॉक्टर म्हणाले, आणताना उशीर झाला होता, उन्हानं आतून खाल्लं होतं. कुंभारीचा महिपती मंगळवारी, १७ एप्रिल १९७३ रोजी दुपारी वारला.